एवेलिओ मोंताल्व्होचा हात

संध्याकाळी पाचच्या सुमाराला एवेलिओ मोंताल्व्हो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्याला काळा बो लावून तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत येई आणि घडीच्या टेबलावर ओलं फडकं अंथरी. वय पंचाहत्तर. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली. समोर गिऱ्हाईक म्हणावं असं कुणी नाही. असतील तर चार शेजारी, तेही आपापला ग्लास घरून घेऊन आलेले, कारण एवेलिओकडचे ग्लास फुटत फुटत तीनवर आले होते. पण बो लावल्याशिवाय त्याने बाटलीला कधी हात लावला नाही. मध्य हवानातल्या त्या जुनाट इमारतीत लिफ्ट नव्हती, पाणी दिवसाआड यायचं, दिवे मनात येईल तेव्हा जायचे. तरी तो टेबलामागे उभा राहिला की लोकांचे आवाज आपोआप खाली यायचे. पडदा वर जाण्याआधी थिएटरात जो शांतपणा पसरतो, त्याच जातीचा.

मग तो जस्ताचे दोन पेले उचले. एक डोक्याच्या वर, एक गुडघ्यापाशी. वरच्या पेल्यातून रम, लिंबू आणि साखर यांची एकच लांब धार सुटे, खाली येताना हवेतल्या उजेडात चमके आणि खालच्या पेल्यात एक थेंबही न सांडता उतरे. असं पाच वेळा, सहा वेळा. बघणारे श्वास धरून असत. सोळाव्या वर्षी एका बारमध्ये पाण्यावर सराव करून करून त्याने ही धार कमावली होती. तेव्हा पहिल्या महिन्यात त्याची पाटलोण रोज भिजायची आणि मालक म्हणायचा, पोरा, तू दारू शिकतोयस की पोहायला.

अडुसष्ट साली सरकारने शहरातले बार बंद केले. एवेलिओला ऊसतोडीवर पाठवलं. दहा महिन्यांनी तो परतला तो हातांना घट्टे पाडून. त्या संध्याकाळी त्याने गॅलरीत दोन खुर्च्यांवर फळी टाकली आणि बायकोसाठी, आंपारोसाठी, रम-लिंबू-साखरेची डायकिरी केली. लिंबू नव्हतं, आंबट संत्रं होतं. संत्र्याला कडवटपणा असतो, म्हणून त्याने चिमूटभर मीठ घातलं. रम मजुरांची, रॉकेलसारख्या वासाची. ती त्याने दिवसभर पेरूच्या सालींत भिजवून ठेवली होती. आंपारोने ग्लास तळापर्यंत रिकामा केला. मग म्हणाली, "ऊस तोडून हात बिघडेल असं वाटलं होतं. नाही बिघडला."

पुढे त्याला परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात नोकरी मिळाली, वीस वर्षं टिकली. तिथे सगळं होतं: बर्फ, पुदिना, जुनी मुरलेली रम. पण आपलं खरं काम तो घरच्या गॅलरीतलंच समजायचा. हॉटेलात कुणीही करील, तो म्हणायचा, नसलेल्यातून करून दाखवा. आणि तो दाखवायचा. मोहितोला पुदिना नसला तर तुळशीच्या जातीचा कुठलासा पाला चुरडून. प्रेसिदेंते नावाच्या पेयाला वाइन नसली तर मनुका भिजवलेलं पाणी आणि थेंबभर व्हिनेगर. शिवाय तो दोन माणसांना एकच पेय कधी देत नसे. पहिल्या मजल्यावरचा बेंकोमो, निवृत्त बसकंडक्टर. चिरूट ओढून त्याची जीभ करपली होती, त्याच्या ग्लासात आंबट दुप्पट. समोरच्या दारातली विधवा एनेइदा, जन्मभर नाटकमंडळींचे कपडे शिवलेली. तिला रक्तदाब होता, म्हणून तिच्या ग्लासात रम अर्धी आणि आल्याचा रस जास्त, आणि हे तिला त्याने कधी सांगितलं नाही. एनेइदा घोट घ्यायची आणि म्हणायची, "एवेलिओ, हळू रे बाबा, मला जिने उतरायचे नाहीत म्हणून काय झालं, घरापर्यंत तर चालायचंय." एवेलिओ मान झुकवायचा. रंगमंचावरून झुकवतात तशी.

त्याच्या या गॅलरीत एक माणूस कधीच बसला नाही. त्याचा मुलगा, फेर्मिन.

फेर्मिन सेहेचाळीस वर्षांचा, वायरमन. हाताचा चांगला, बोलण्यात त्याहून चांगला, आणि पंचवीस वर्षांचा असल्यापासून पिणारा. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याची बायको मुलीला घेऊन एका होडीतून निघून गेली, ती अमेरिकेत टांपाला पोचल्याचं पत्र चार महिन्यांनी आलं. त्यानंतर फेर्मिन दिवसाला एक बाटली प्यायला लागला, मग सव्वा. रेशनच्या दुकानातली सुटी रम, नसली तर कुणीतरी मोरीत गाळलेली. बापाच्या पेयांना तो बाहुल्या म्हणायचा. "म्हाताऱ्या, तुझ्या त्या बाहुल्यांना फ्रॉक घालत बस," तो जिन्यातून जाता जाता म्हणायचा, "मला आपली नागडीच बरी." शेजारी हसायचे. एवेलिओही हसायचा, आणि त्या दिवशी त्याची धार एखाद्या थेंबाने चुकायची.

सत्याण्णवच्या जूनमध्ये फेर्मिन शिडीवरून पडला. टाचेच्या हाडाचा चुरा झाला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून, खुर्चीत बसवून चार जणांनी त्याला तीन मजले वर आणलं आणि बापाच्या घरात ठेवलं. प्लास्टर चाळीस दिवस राहणार होतं. मातान्सासहून बहीण आली, सोराइदा. शाळेत शिकवायची, वर्गात बोलते तशीच घरात बोलायची. तिने बापाला बजावलं की हीच संधी आहे, तो खाली उतरू शकत नाही, थेंबही द्यायचा नाही. इमारतीत दारोदार जाऊन तेच सांगून ती बसने परत गेली.

दुसऱ्या रात्री फेर्मिन थरथरायला लागला. घामाने गादी भिजली. पहाटे तो ओरडत होता की भिंतीतून वायरी बाहेर येतायत. एवेलिओने त्याला ग्लासभर रम दिली आणि दहा मिनिटांत तो शांत झाला. एवेलिओ पलंगाच्या कडेला बसून राहिला. मुलगा दारूमुळे मरणार हे त्याला कधीचं ठाऊक होतं. दारूशिवायही मरेल हे त्याने त्या पहाटे पाहिलं.

सकाळी एनेइदा कॉफी घेऊन आली. तिने ऐकलं होतं सगळं. त्या भिंती काही लपवत नसत. तिचा एक मामा असाच होता. त्याची दारू घरच्यांनी कमी कमी करत आणली होती, चमच्याने, महिनोन्महिने. "घाई करायची नाही, एवेलिओ," ती म्हणाली. "फाटलेल्याला टाका घालताना दोरा ओढला की कापड पण जातं."

एवेलिओने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी त्याला तिचा स्वतःचा ग्लास आठवला. अर्ध्या रमचा, जो पिऊन ती दोन वर्षं डुलत होती.

त्या दिवसापासून त्याने मुलाला सांगितलं की बाटली मिळणार नाही, ग्लास मिळेल, माझ्या हातचा. फेर्मिन म्हणाला, बाहुल्या. एवेलिओ म्हणाला, हो, बाहुल्या. फेर्मिनला पर्याय नव्हता. दिवसाला दहा ग्लास ठरले, पहिला सकाळी उठल्यावर.

पहिला आठवडा एवेलिओने काहीच कमी केलं नाही. नुसती चव ओळखीची करून दिली. जळवलेली साखर, आंबट संत्र्याची साल, एक लवंग. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक ग्लासातून अर्धं बोट रम गेली आणि तिच्या जागी कोरा चहा आला, कडक उकळलेला, कारण जुन्या रमने जीभ जशी आवळते तशी चहानेही आवळते. घशातली जळजळ गेली असती, ती त्याने मिरचीने भरून काढली. नखाएवढी तांबडी मिरची पाकात उकळून, गाळून, ग्लासाला तीन थेंब. मुरलेल्या लाकडाचा वास हवा होता. त्यासाठी त्याने हॉटेलातून निवृत्तीच्या वेळी मिळालेलं छोटं पिंप फोडलं आणि त्याच्या फळ्यांचे तुकडे पाण्यात भिजत घातले. आंपारो गेल्यानंतरच्या वर्षांत तो कधी इतका मन लावून राबला नव्हता. पहाटे उठून चाखायचा, थुंकायचा, पुन्हा चाखायचा. एखाद्या नटाला म्हातारपणी, सगळ्यांनी विसरल्यावर, मोठी भूमिका मिळावी तसं झालं होतं त्याचं. प्रेक्षक एकच होता, आणि त्याला नाटक चालू आहे हे कळता कामा नये.

सोराइदा दर बुधवारी बेंकोमोच्या फोनवर फोन करायची. कुणीतरी तिला सांगितलं होतं. "पापा, तू स्वतःच्या हाताने त्याला पाजतोयस," ती म्हणाली. "दहा ग्लास. लोक मोजतायत, पापा." एवेलिओ रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण बेंकोमो शेजारी बसून कान टवकारत होता आणि बेंकोमोच्या पोटात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत इमारतभर होत असे. एवेलिओ एवढंच म्हणाला की तू ये एकदा, शनिवारी-रविवारी ये, स्वतः बघ.

तिसऱ्या आठवड्यात ग्लासात एक बोट रम उरली होती. फेर्मिन जेवायला लागला होता. गालांवर जरा रंग आला होता. प्लास्टरवर तो पेन्सिलीने पंख्याच्या जोडणीच्या आकृत्या काढायचा आणि एनेइदाला समजावून सांगायचा, आणि तीही काही कळत नसताना हं हं म्हणायची. बुधवारी संध्याकाळी एवेलिओने गंमत म्हणून, हात अजून कुठवर जातो ते बघावं म्हणून, अर्ध्या बोटाचा एक ग्लास केला. फेर्मिनने तो घेतला, अर्धा प्यायला, थांबला. ग्लास उजेडात धरला.

"म्हाताऱ्या," तो म्हणाला, "आज हात लागलाय तुझा. ही खरी."

सेहेचाळीस वर्षांत मुलाच्या तोंडून बापाने हे पहिल्यांदा ऐकलं. हॉटेलात त्याला मंत्र्यांनी, गायिकांनी, परदेशी उद्योगपतींनी दाद दिली होती. त्यातली कुठलीच इतकी आत गेली नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. अर्ध्या बोटाने ही दाद, तर रम मुळीच नसताना काय होईल? आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर रविवारचं जेवण उभं राहिलं. सोराइदा टेबलाशी, एनेइदा, बेंकोमो, मुलगा. जेवण होता होता आपण उठायचं, बो नीट करायचा आणि सांगायचं की गुरुवारपासून या माणसाने एक थेंबही घेतलेला नाही. सोराइदाचा चेहरा. फेर्मिनचा चेहरा. त्याने ती वाक्यं अंधारात पडल्या पडल्या दोनतीनदा मनाशी म्हणून पाहिली.

अर्ध्या बोटावर त्याने दोन आठवडे थांबायला हवं होतं. त्याला ते माहीत होतं. एनेइदाचं बोलणं त्याच्या लक्षात होतं. पण ज्या हाताला दाद मिळते, तो हात थांबत नाही.

गुरुवारी सकाळपासून ग्लासात रम नव्हती. फक्त काठावर होती. बोट बुडवून त्याने काठ पुसून घेतला होता, नाकाला वास यावा म्हणून. बाकी चहा, जळकी साखर, लाकडाचं पाणी, मिरची, साल. फेर्मिनला कळलं नाही. पहिला ग्लास संपवून त्याने दुसरा मागितला.

शुक्रवारी तो ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागला. झोप येत नाही म्हणाला. उन्हाळा आहे, एवेलिओ म्हणाला, आणि स्वतःलाही तेच सांगितलं. शिवाय विष बाहेर पडतंय, पडणारच. शनिवारी दुपारी सोराइदा आली. तिने भावाच्या कपाळावर हात ठेवला, घाम बघितला, कापणारी बोटं बघितली. फेर्मिन चादरीवरच्या मुंग्या झटकत होता. चादरीवर मुंग्या नव्हत्या. संध्याकाळी तिने बापाला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं.

"किती देतोस?"

"दहा."

"आज माझ्यादेखत सहा झाले. आरशात बघ पापा, तुला लाज कशी वाटत नाही?"

एवेलिओने ओट्यावरचे पेले धुतले. उद्या, तो मनात म्हणाला. उद्या जेवताना.

रविवारी सकाळी साडेआठला त्याने पहिला ग्लास दिला. सोराइदा दारात उभी राहून बघत होती. दहाच्या सुमाराला आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. फेर्मिन जमिनीवर होता, पाठ कमानीसारखी, दात आवळलेले, प्लास्टरचा पाय फरशीवर आपटत होता. तोंडातून ओकारी येत होती आणि ती बाहेर यायला जागा नव्हती. सोराइदाने त्याला कुशीवर वळवलं. बेंकोमोने खाली धावत जाऊन रस्त्यातली एक गाडी थांबवली.

रुग्णालयात तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली रात्रपाळी उतरलेली. तिने झरझर विचारलं. पितात का? पितात, सोराइदा म्हणाली. किती? दहा ग्लास रोजचे. शेवटचा कधी घेतला?

"साडेआठला. माझ्या डोळ्यांदेखत." मग सोराइदाने बापाकडे बोट केलं. "यांनी दिला."

डॉक्टरीण लिहीत लिहीत नर्सला म्हणाली की दारू तुटल्याने आलेला झटका म्हटला असता, नेमका तसाच दिसतोय, पण माणूस झटक्याच्या दीड तास आधी प्यायलाय; तेव्हा शिडीवरून पडताना डोक्याला लागलं होतं का ते बघायला हवं. डोक्याचा फोटो काढायला पाठवा. फोटोच्या खोलीपुढे रांग होती.

एवेलिओने हे प्रत्येक अक्षर ऐकलं. घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. तो बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि गप्प राहिला.

त्या गप्प बसण्याचा हिशेब त्याने पुढे स्वतःशी पुष्कळदा मांडला आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं. एकदा वाटायचं, आपल्याला नीट समजलं नव्हतं. एकदा वाटायचं, मुलाला कळलं तर तो आपल्या हातचं पुन्हा घेणार नाही ही भीती होती. पण खरं त्याला बाकावर बसल्या बसल्याच समजलं होतं. आपण तोंड उघडलं, की ही गोष्ट आपल्या हाताने झाली असं ठरेल. तोंड उघडलं नाही, तोवर ती शिडीने केलेली होती.

सव्वा वाजता, रांगेत असतानाच, स्ट्रेचरवर फेर्मिनला दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा लांब. एवेलिओ उठला. डॉक्टरीण धावत आली तेव्हा त्याने तिची बाही धरली.

"त्यात रम नव्हती," तो म्हणाला.

"कशात?"

"सकाळच्या ग्लासात. कालच्याही. गुरुवारपासून एकाही ग्लासात नव्हती."

"मग काय होतं?"

त्याने सांगितलं. चहा, जळकी साखर, मिरची, लाकूड, संत्र्याची साल. ग्लासाच्या काठाला रम कशी पुसली, तेही सांगितलं. कृती सांगताना कुणी जसं क्रमाने सांगतं तसं. सोराइदा भिंतीला टेकून ऐकत होती आणि हळूहळू खाली बसत गेली.

"यांना माहीत होतं?"

"नाही."

डॉक्टरिणीने घड्याळ बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "सकाळपासून तुम्ही इथेच बसला होतात," ती म्हणाली. रागावून नाही. आणि वळून नर्सला इंजेक्शनचं नाव सांगत आत गेली.

इंजेक्शनाने झटके थांबले. पण पहिल्या झटक्यातच ओकारी छातीत उतरली होती, आणि सोमवारी रात्रीपर्यंत दोन्ही फुप्फुसं भरली. मंगळवारी ताप चढला. औषध होतं तेवढं दिलं गेलं. नव्हतं ते सोराइदा शहरभर फिरून शोधत होती. वॉर्डात उशी, चादर, पंखा घरून न्यावा लागे, तो सगळा संसार एनेइदाने आणून मांडला. एवेलिओ पलंगाशेजारच्या डुलत्या खुर्चीत बसून होता. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

बुधवारी सकाळी फेर्मिनला शुद्ध आली. बोलताना त्याला दर दोन शब्दांनी थांबावं लागत होतं. सोराइदाने त्याला सगळं सांगितलं होतं की त्याने अर्धवट गुंगीत ऐकलं होतं, कोण जाणे. त्याने बापाकडे मान वळवली.

"किती दिवस?"

"तीन," एवेलिओ म्हणाला.

"तीन." फेर्मिन छताकडे बघत राहिला. "वीस वर्षांत मला दोन पण जमले नाहीत, पापा. पोरगी झाली तेव्हा शपथ घेतली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोडली." त्याने श्वास घेतला. "आणि आता तीन दिवस काढले, आणि मला कुणी सांगितलंच नाही."

"रविवारी सांगणार होतो. जेवताना."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

"टाळ्या पडल्या असत्या," फेर्मिन म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडला नसता, आणि म्हणून एवेलिओला ते जास्त लागलं. टोमण्याची त्याला सवय होती.

दुपारी वॉर्डात ऊन आलं. एनेइदाचा पंखा घरघरत होता. फेर्मिनने पाणी मागितलं. एवेलिओने घरून आणलेल्या थर्मासमधलं पाणी ग्लासात ओतलं, डोक्याखाली हात घालून त्याला जरा उचललं आणि ग्लास ओठांशी नेला. फेर्मिनने ओठ मिटले.

"काय आहे यात?"

"पाणी."

फेर्मिन ग्लासाकडे बघत होता. नाक जवळ नेऊन त्याने वास घेतला, पण त्या नाकावर आता त्याचा विश्वास नव्हता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आधी तू पी," तो म्हणाला.

एवेलिओने घोट घेतला. नीट गिळला, मुलाला गळ्याची हालचाल दिसेल असा. मग त्याने पुन्हा ग्लास पुढे केला. फेर्मिनने अजून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग प्यायला. दोन घोट. त्यापेक्षा जास्त त्याला गेलं नाही.

गुरुवारी दुपारी तीन वाजता तो गेला. सोराइदा तेव्हा औषध घेऊन बसमध्ये होती.

दफन झाल्यावर ती आठवडाभर बापाकडे राहिली. ती त्याला रागावली नाही. त्याला वाटत होतं की ती रागावेल आणि तो त्याची वाट बघत होता. ती भांडी घासायची, भावाचे कपडे कुणाकुणाला वाटून टाकायची, आणि एका सकाळी, बॅग भरताना, तिने एवढंच विचारलं की पापा, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एवढं बोलले, तेव्हा तू का नाही सांगितलंस. एवेलिओ म्हणाला की रविवार दुसऱ्याच दिवशी होता. ती बॅगेची चेन लावत राहिली, ती अडकत होती. तिने त्याला मातान्सासला चल म्हटलं, आणि तो नको म्हणाला तेव्हा तिने दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्यानंतर एवेलिओ मोंताल्व्हो सहा वर्षं जगला. दीड महिन्याने बेंकोमो आणि एनेइदा संध्याकाळी पुन्हा गॅलरीत आले, ग्लास घेऊन, भीत भीत. एवेलिओने त्यांना बसायला सांगितलं. आतून बाटली आणली, लिंबं, साखर, सुरी, होता तेवढा बर्फ, आणि सगळं टेबलावर मांडून तो टेबलाच्या अलीकडे, त्यांच्या शेजारी खुर्चीत येऊन बसला. आपलं आपण करून घ्या, म्हणाला.

त्यांना वाटलं एक-दोन दिवस असं चालेल. ते तसंच चालत राहिलं. बेंकोमो साखर आधी घालायचा, ती विरघळायची नाही, तळाशी वाळूसारखी बसायची. एनेइदाने रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन स्वतःच्या हाताने पूर्ण ग्लास रम ओतली तेव्हा एवेलिओ उठला, बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला तोंडावर सांगितलं की इतके दिवस तुला अर्धीच मिळत होती, आणि यापुढेही अर्धीच घे. मग तिने निम्मी रम बाटलीत परत ओतायचा प्रयत्न केला आणि बरीचशी टेबलावर सांडली.

कधी एखादा नवा पाहुणा यायचा, कुणाचा भाचा, कुणाचा जावई. त्याला कुणीतरी सांगितलेलं असायचं की या म्हाताऱ्याच्या हाताला तोड नव्हती. तो आपला ग्लास पुढे करून अदबीने विचारायचा, माएस्त्रो, जरा बघा, साखर कमी वाटते का?

एवेलिओ ग्लास हातात घ्यायचा नाही. लांबूनच रंगाकडे बघायचा, त्याला चूक दिसायची, ती तिथल्या तिथे दुरुस्त कशी करायची हेही दिसायचं.

"तुझं तू बघ," तो म्हणायचा.